बिनफोडणीचं घर

आमच्या खात्यात महिने पंचांगावरून ओळखायची पद्धत नव्हती. थंडी पडली की मेलेल्या उंदरांची खबर यायची आणि प्लेगच्या लशीसाठी सुया उकळायला पडायच्या. होळीच्या आगेमागे देवी. आंबे बाजारात आले आणि विहिरी तळाला गेल्या की कॉलरा. पाऊस थांबून डबकी साचली की हिवताप, मग दिवाळीपर्यंत निम्मी वस्ती गोधडीत. आधीच्या पिढीतले लोक सांगायचे की त्यांच्या वेळी प्लेग सगळ्यांत मोठा होता. मोहल्ले ओस पडायचे, माणसं शेतात झोपड्या घालून राहायची. माझ्या काळात प्लेग म्हातारा झाला होता. यायचा, पण दमलेला.

दुसरी लढाई सुरू झाली आणि हा क्रम मोडला. दारूगोळ्याच्या कारखान्याला माणसं हवी होती. बिहार, ओरिसा, छत्तीसगड, तेलुगू मुलूख, आमचा विदर्भ, सगळीकडून गाड्या भरभरून माणसं जबलपूर स्टेशनावर उतरायची आणि आपापल्या मुलखातला रोग बरोबर आणायची. हिवताप थंडीत दिसायला लागला. देवी होळीची वाट न पाहता भर पावसाळ्यात आल्या, आणि एकदा आल्या त्या वर्षभर क्वार्टरांच्या कुठल्या ना कुठल्या लाइनीत राहिल्याच. खमरियाच्या बाजूला कामगारांसाठी क्वार्टर उठत होते, पण माणसं त्याहून लवकर येत होती. दोन खोल्यांत दोन कुटुंबं, मध्ये गोणपाटाचा पडदा. एका घरातला खोकला चार घरांत ऐकू जायचा.

मी त्या वस्तीच्या हेल्थ ऑफिसात सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. खाकी अर्धी पँट, सायकल, कॅरियरला फिनेलचा डबा. हे काम मी आवडीने पत्करलं होतं. पहिली लढाई संपताना जो ताप आला, त्यात माझी आई गेली. मी इतका लहान होतो की मला तिचा चेहरा आठवत नाही. वडील रेल्वेत, पुष्कळदा बाहेर. मला वाढवलं माझ्या दादाने, आणि दादाचं लग्न झाल्यावर वहिनीने. वहिनी घरात आली तेव्हा स्वतःच जेमतेम मोठी होती, पण माझ्या ताटात काय पडलं आणि किती राहिलं यावर तिची नजर असायची. दादा पुढे याच कारखान्यात फिटर लागला. त्याचा क्वार्टर माझ्या हद्दीत होता. त्यांना उशिरा झालेली एकच मुलगी होती. माझी सायकलची घंटा ऐकली की ती पळत यायची आणि फिनेलच्या डब्याचं झाकण वाजवायची.

तिला लहानपणी देवी टोचल्या होत्या, पण त्या उठल्या नव्हत्या. उन्हात लस खराब व्हायची, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पुन्हा टोचायला हवं होतं. गावभर लोकांच्या दंडावर टोचत फिरणाऱ्या आमच्या पथकाचं माझ्याच दादाच्या घरी जायचं राहून गेलं. पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात असं करत राहून गेलं.

ज्या घरात देवी निघाल्या त्या घरच्या रोग्याला नाल्यापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवायचं, असा नियम होता. बरोबर एक बाई राहू शकत होती. घरातल्या पुरुषांना तेवढे दिवस कामावर घेत नसत. शेड वाईट नव्हती. तिथली नर्स अमरावतीकडची ख्रिस्ती बाई होती, हाताने हळुवार आणि तोंडाने फटकळ. पण लोकांना शेडची धास्ती होती. रोजी बुडेल ही एक, आणि त्याहून मोठी ही की देवी म्हणजे घरी आलेली आई. आलेल्या आईला खाटेसकट उचलून पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन टाकायचं म्हणजे तिचा अपमान. मग ती कोणाला सोडेल? म्हणून लोक लपवायचे. पूर्वी दारावर कडुलिंबाची डहाळी लावायचे, ती आता आतल्या खोलीत लावायला लागले. दार उघडून बाई सांगायची, "सब ठीक है बाबूजी," आणि आत पोर तापाने फणफणत असायचं.

ते लपवणं ओळखायचा मार्ग मी शोधून काढला. मला तो शिकवायला कोणी नको होता. देवी घरात असल्या की फोडणी घालायची नाही, हे मला वहिनीच्या स्वयंपाकघरात समजलं होतं. तेल तापवायचं नाही, मोहरी तडतडवायची नाही, काही तळायचं नाही. आईला तो चर्र आवाज सोसत नाही, तेल उडालं की रोग्याच्या अंगावर फोड उठतो, असं सांगत. नवल हे की वस्तीत इतक्या मुलखांची माणसं, एकाला दुसऱ्याची भाषा कळत नव्हती, पण ही गोष्ट सगळ्यांची एक होती. कारखान्याचा भोंगा झाला की लाइनीत फोडण्यांचा घमघमाट सुटायचा. कुठे हिंग, कुठे लसूण, तेलुगू घरांतून कढीपत्ता. आणि मध्येच एक दार असं यायचं की तिथे वास थांबायचा. चूल पेटलेली, धूर निघतोय, पण वास नाही.

मी हे डॉक्टरसाहेबांना सांगितलं. ते हसले.

"तो अब हम नाक से बीमारी पकड़ेंगे?"

"पकड़ के देखिए साहब," मी म्हणालो.

पहिल्याच फेरीत तीन घरं सापडली. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी आमच्या जमादारांना शिकवलं की जेवणाच्या वेळी कसं फिरायचं, वारा कुठून आहे ते कसं पाहायचं. मला त्याचा फार अभिमान होता, हे इथे कबूल करायला हवं. माझ्यामुळे माणसं वाचली, हेही खरं आहे. लवकर सापडलेले रोगी वेगळे ठेवले की लाइनीतली साथ थांबायची. पण मी लोकांच्या चुलीत नाक घालत होतो, आणि तेही अशा गोष्टीसाठी जी मला त्यांच्यातलाच एक म्हणून कळली होती.

वस्तीत माझं नाव पडलं. "नाकवाले बाबू आ गए! अम्मा, बघार लगा!" फोडणी घाल, अशी पोरं ओरडायची. लढाई लांबली तसं गोडं तेल मिळेनासं झालं, मग कितीतरी घरांत रोजच फोडणी नसायची. एका म्हाताऱ्या बाईने मला दारातच अडवलं होतं. "सूंघ ले, सूंघ ले. तेल कहाँ है कि बघार लगाऊँ? तेरे साहब से बोल, तेल भेजे, फिर बीमारी ढूँढने आना." आजूबाजूच्या बाया पदरात तोंड घालून हसल्या. मीही हसलो. तिच्या घरात काही नव्हतं.

मग बायांनी तोड काढली. त्या माझ्यापेक्षा हुशार होत्या. ज्या घरात देवी आहेत त्या घरात फोडणी चालत नाही, पण शेजारणीने आपल्या घरची पळी आणून, आपल्या हाताने, उंबऱ्याच्या बाहेर तेल तडतडवलं, तर? फोडणी त्या घरची नाही, हात त्या घरचा नाही, आणि नाकवाल्या बाबूला वास तर मिळतो. असं चालायला लागलं. शेजारीण शेगडी उचलून आणायची, दारात मोहरी उडवायची आणि पुन्हा आपल्या घरी जायची. हे मला फार नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की माझी युक्ती चालेनाशी झाली आहे.

होळी होऊन गेली होती. दुपारचा भोंगा नुकताच झाला होता. मी दादाच्या लाइनीत शिरलो. घंटा वाजवली, पण डब्याचं झाकण वाजवायला कोणी आलं नाही. दादाच्या दारासमोर हिंगाचा आणि मोहरीचा दणकून वास होता. नको तितका. वहिनी दारातच उभी होती.

"या भाऊजी. काहून इतक्या उन्हात फिरून राहिले? जेवून घ्या न."

"पोरगी कुठाय?"

"कटनीला गेली. मामा आला होता, घेऊन गेला." तिने हे माझ्या खांद्यावरून पाहत सांगितलं.

मी बाहेरच्या खोलीत बसलो. आतल्या खोलीच्या दाराला पडदा लावला होता. वहिनीने ताट वाढलं. वरण, भात, मीठ, कांदा. मी वरण भातावर कालवलं आणि पहिला घास घेतला. वरणात काही नव्हतं. मोहरी नाही, जिरं नाही, तेलाचा थेंब नाही. नुसती तूरडाळ आणि मीठ. बाहेर दारात इतकी फोडणी उडाली होती आणि माझ्या ताटात तिचा एक दाणा नव्हता.

मला त्याच घासाला कळलं. पडद्यामागून ओल्या कडुलिंबाचा वास येत होता. नाकवाला बाबू होतो मी. दुसऱ्या कोणाचं घर असतं तर मी ताटावरून उठून पडदा बाजूला केला असता. वहिनी पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभी होती आणि माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी लहान असताना पाहायची तशीच.

मी म्हणालो, "वहिनी, अजून थोडा भात वाढा."

तिने वाढला. मी सगळा संपवला. हात धुतले, सायकल काढली आणि पुढच्या लाइनीत गेलो. ऑफिसात जमादाराने विचारलं, "उधर कुछ?" मी म्हणालो, "कुछ नहीं." मी मनाला समजावलं की देवी हलक्याही निघतात. वहिनी काळजी घेणारी आहे. दादाचं काम जाईल. घरचा माणूस आहे मी, पोलीस नाही. त्या दिवसांत मी दादाच्या लाइनीत जायचं टाळलं.

आठवड्याच्या आतच दादा दुपारी ऑफिसात आला. कारखान्यातून सुटी काढून आला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत म्हणाला, "चल. पोरगी डोळे उघडून नाही राहिली."

तिला आम्ही टांग्यातून शेडमध्ये नेलं. वहिनी तिला मांडीवर घेऊन बसली होती आणि वाटभर पुटपुटत होती, "आई, माझ्यावर राग काढ. तिच्यावर नको." पोरीच्या पापण्या पुवाने चिकटल्या होत्या. घरात तिला कोणी हात लावला नव्हता, कारण आईचं अंग पुसायचं नसतं, कडुलिंबाने वारा घालायचा असतो. नर्सने कोमट पाण्याने पापण्या भिजवल्या, खूप वेळ भिजवल्या, आणि मग बोटांनी उघडून पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"आता काहून आणलं? पहिल्या दिवसापासून डोळे धुतले असते, सावलीत ठेवले असते, तर..."

ती पुन्हा पापण्यांकडे वळली. ती मला ओळखत होती. मीच तिच्याकडे इतक्या जणांना लवकर आणलं होतं.

पोरगी वाचली. दोन्ही डोळ्यांत फुलं पडली. उजव्या डोळ्याला उजेड आणि अंधार इतकं कळतं, डाव्याला तेही नाही.

दादाच्या शेजारी छत्तीसगडचं एक कुटुंब राहायचं. ती बाई वहिनीला दीदी म्हणायची. त्या दिवशी दारात फोडणी उडवली होती ती तिने. फोडणी करायला ती आली तेव्हा तिच्या कडेवर तान्हं पोर होतं. ते पोर देवींनी गेलं. मी पडदा बाजूला केला असता, तर त्याच दिवशी त्या लाइनीतल्या सगळ्या पोरांना टोचून घेतलं असतं. ते कुटुंब पुढे गावाकडे निघून गेलं. ती बाई वहिनीला एक शब्द लावून बोलली नाही. जाताना आपली शेगडी मात्र वहिनीच्या दारात ठेवून गेली. वहिनी ती शेगडी वापरायची नाही आणि टाकायचीही नाही.

वहिनीने फोडणी सोडली. तिचा हिशेब सरळ होता. आई घरात असताना दारात तेल तडतडलं, म्हणून आई पोरीच्या डोळ्यांत आणि शेजारणीच्या लेकरावर उतरली. आता जन्मभर या घरात फोडणी नाही. भाजी उकडलेली, वरण पांढरं. दादा बिचारा कारखान्याच्या फाटकावर समोसे खायचा आणि तोंड पुसून घरी यायचा. मी कधी गेलो की वहिनी मला वाढायची, तेच वरण, तोच भात. मी खायचो. मला वाटायचं, माझ्या शिक्षेचा भाग म्हणून ते मला मिळतंय. नंतर कळलं की वाढणारीच्या मनात तसं काही नव्हतं.

इतकी वर्षं माझं एकच म्हणणं होतं, जे मी कोणाला सांगितलं नाही. वहिनीच्या मनातला तो दोष खोटा आहे. फोडणीने कोणाचे डोळे जात नाहीत. उशिराने जातात, आणि तो उशीर माझा आहे. मी हे तिला सांगितलं की ती मोकळी होईल. दोन-तीनदा मी तोंड उघडलं. एकदा दादा मध्ये आला. एकदा वहिनीच म्हणाली, "राहू द्या भाऊजी, जेवताना ते नको." मी लगेच गप्प बसलो, कारण मला गप्पच बसायचं होतं.

दादा चार वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेला. वहिनी आणि पोरगी जबलपुरातच, गढ्याच्या बाजूला दोन खोल्यांत राहायला आल्या. पोरगी आता मोठी आहे. ती वेताच्या खुर्च्या विणते. सिविल लाइंसच्या ऑफिसांतून फाटक्या खुर्च्या हातगाडीवर येतात, ती बोटांनी भोकं चाचपत वेत ओवते. तिचं काम डोळस माणसापेक्षा घट्ट असतं, पण हळू होतं, आणि हातगाडीवाला त्यावरून तिच्याशी रोज भांडतो. तीही त्याला सोडत नाही.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या खात्यात नवे टोचणीवाले भरती झाले. आता घरोघर जाऊन सगळ्यांनाच देवी टोचायच्या आहेत. मी जुना माणूस म्हणून मला त्यांच्यासमोर चार शब्द बोलायला उभं केलं. मी लढाईच्या वर्षांची, रोगांच्या बदललेल्या हंगामांची गोष्ट सांगितली, आणि मग फोडणीची. वास थांबला की दार ठोठावायचं, अशी. पोरं खूश झाली. टाळ्या वाजल्या. एकाने विचारलं, "फिर सर, किसी ने चकमा दिया?" मी म्हणालो, "हाँ, दिया." सगळे हसले. मला तिथे बसवेना. मी सायकल काढली आणि सरळ गढ्याला गेलो.

वहिनी ओसरीवर सुपात तांदूळ घेऊन निवडत होती. पोरगी खांबाला टेकून खुर्चीची बैठक ओवत होती. मी पाणीही घेतलं नाही.

"वहिनी, त्या दिवशी मला कळलं होतं."

"कोणत्या दिवशी?" ती म्हणाली, पण तिची बोटं सुपात थांबली.

"वरणात फोडणी नव्हती. पोरगी आत आहे, हे मला कळलं होतं. मी बोललो नाही."

"मला माहीत आहे न."

मला वाटलं तिने ऐकलं नाही.

"मला माहीत आहे, भाऊजी. तुम्ही दुसऱ्यांदा भात मागितला. तुम्ही जन्मात कधी मागितला होता का? तुमच्या ताटात मी जबरदस्तीने वाढत आली. तुमचा पहिलाच घास उतरून नव्हता राहिला, मी पाहून राहिली होती."

"मग इतकी वर्षं..."

"काय बोलायचं त्यात? तुम्ही माझं लेकरू नेऊ दिलं नाही. कळलं असतं तर तुमची नोकरी गेली असती. मी तेव्हाच आईला सांगितलं, भाऊजींच्या लेकरांना हात लावू नको, फोडणी माझ्या दारात पडली, जे काय ते माझ्याकडून घे. हे बिनफोडणीचं एकट्या पोरीसाठी नाही. त्यात तुमचाही वाटा आहे."

माझी दोन मुलं आहेत. दोघं धडधाकट आहेत. इतकी वर्षं ती बाई त्यांच्यासाठीही पांढरं वरण खात होती, आणि मी तिथे बसून ते माझी शिक्षा समजून गिळत होतो.

तिथेच मी थांबायला हवं होतं. पण मी तिला मोकळं करायला आलो होतो. मी म्हणालो, "वहिनी, फोडणीने काही झालं नाही. देवीने काही केलं नाही. डोळे रोज धुवायला हवे होते. नर्स म्हणाली होती. आधी नेलं असतं तर निदान एक डोळा राहिला असता. शेजारचं पोरही कदाचित राहिलं असतं. तो उशीर माझ्यामुळे झाला."

तिने सूप खाली ठेवलं.

"उशीर तर मीच केला मग," ती म्हणाली. "तुम्ही त्या एका दिवशी आले. मी तर रोज घरात होती."

 तीच पुढे म्हणाली, "देवीची समजूत घालता येते, भाऊजी. उशिराची कशी घालू?"

खांबाकडून वेताची कांडी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला.

"झालं का दोघांचं?" पोरगी म्हणाली. "डोळे माझे गेले, आणि तुम्ही दोघं वाटण्या करून राहिले. इतका हिस्सा माझा, इतका तुमचा. मला कोणी विचारलं?"

"तू गप्प बस," वहिनी म्हणाली.

"काहून बसू? मी पांढऱ्या वरणावर मोठी झाली. मला विचारलं का, तुला काय खायचं आहे? बाबा फाटकावर समोसे खायचे, मला माहीत होतं, त्यांच्या हाताला वास यायचा. मी पलीकडच्या चाचीकडे जाऊन भजी खाते, तोंड धुऊन घरी येते. तुला वाटते सगळं घर तुझं व्रत पाळून राहिलं आहे. आई, तू एकटीच पाळून राहिली."

वहिनीने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "मी नाही सोडणार."

"नको न सोडू. तू तुझं खा. मी रविवारी काकांकडे जेवीन. काका, काकूला विचारून घ्या. लसूण जास्त घालायला सांगा."

ती पुन्हा खुर्चीकडे वळली आणि सुटलेला वेत शोधायला लागली. मी उचलून तिच्या हातात दिला. "हा नाही, पातळवाला," ती म्हणाली.

त्या दिवसापासून वहिनी मला एकच विचारते. कधीही गेलो की विचारते, आणि जेवताना ते नको असं आता म्हणत नाही. "पाणी कसं घ्यायचं होतं भाऊजी, कोमट की गार? मीठ घालायचं होतं का? कापूस की फडकं?" मी सांगतो. ती ऐकते, ओठ हलवून मनात म्हणते, आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारते. फोडणीचा दोष तिच्यापाशी होता तेव्हा तिच्याकडे तो फेडायचा मार्ग होता. मी तो काढून घेतला आणि बदल्यात तिला खरं सांगितलं. माझं मन हलकं होईल असं मला वाटलं होतं, आणि ते थोडं झालंही. ते कोणाच्या जिवावर झालं, हे मला रोज दिसतं.

रविवारी मी पुतणीला घ्यायला जातो. ती सायकलच्या कॅरियरवर बसते. वाटेत ती हातगाडीवाल्याच्या तक्रारी सांगते. घरी माझी बायको तिच्या आवडीची आमटी करते, वरून लसणाची फोडणी. पोरगी ताटावर वाकून आधी नुसता वास घेते, मग जेवते. मन लावून, भरपूर जेवते. दाताखाली मोहरी आली की थांबते. त्या जुन्या दिवसाबद्दल ती माझ्याशी काही बोलत नाही. मला माफ केलं का, हे मी विचारत नाही. विचारलं तर ते पुन्हा माझ्याचसाठी होईल.

मी समोर बसून तिच्याकडे पाहत राहतो. परवाच्या रविवारीही तसाच बसलो होतो. माझ्यासमोरचं ताट निवत होतं.

"काका," ती तोंडातला घास संपवून म्हणाली, "तुमच्या ताटाचा आवाज येऊन नाही राहिला. जेवा न."

मग मी जेवायला लागलो. तिला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानेच चावत होतो.